मार्का

एकतीस वर्षं मी पोत्यांवर कासाब्लांका लिहिलं.
लिहिलं म्हणजे पत्र्याचा छाप ठेवला
आणि काळ्या शाईचा बोळा फिरवला.
इंग्रजी येत नाही. अक्षरं चित्रासारखी पाठ:
आधी विळा, मग तंबू, मग साप,
परत तंबू.
पुढचं हात आपोआप करायचा.

शेठ म्हणायचे, मोरोक्कोचं बंदर आहे ते.
मला बंदर म्हणजे फार तर रत्नागिरी,
तेही लग्नानंतर एकदा,
मालनला एसटी लागली होती.

माथाडीचा फंड आला तेव्हा ती म्हणाली,
न्हाणीवरचा पत्रा बदलून घेऊ.
मी म्हणालो, कासाब्लांका.
ती म्हणाली,
ते कुठल्या तालुक्यात?

विश्रामबागेतला कुपवाडे
खुर्ची फिरवत म्हणाला,
काका, तिकडचा ग्रुप होत नाही,
दुबई बघा, स्वस्तात बसवतो.
मी म्हणालो, दुबईचा मार्का इराप्पाकडं होता.
त्याचं त्यानं बघावं.

मग गेल्या सालच्या कॅलेंडरच्या पाठीवर
हिशोब. मिरजेहून रेल्वे. मुंबईतनं विमान,
मधे एकदा उतरून दुसरं.
तिथलं घड्याळ साडेचार तास मागं.
म्हणजे, मालन म्हणाली,
झालेला चहा परत एकदा.
तिनं यादीत लिहिलं: शेंगदाण्याची चटणी,
गुडघ्याचं तेल, दोन चादरी.
चादरी मी खोडल्या.
तिनं परत लिहिल्या.

दस्तगीरच्या मेहुण्यानं मोबाईलवर
तिथला बाजार दाखवला.
हळदीचा ढीग, कळसासारखा उभा,
एक कण ढासळत नाही.
आमच्या यार्डात कधी राहिली नाही हळद अशी उभी.
मी बघतच बसलो.
मालन म्हणाली, आत पुठ्ठा असणार.

आबा हरिपूरला पेवात उतरायचे.
पेवाचं तोंड फोडलं की लगेच आत जायचं नाही.
वर्षावर्षाची कोंडलेली हवा असते,
माणूस बसल्या जागी निजतो.
आधी कंदील सोडायचा दोरीनं.
विझला, तर विडी ओढत बसायचं काठावर.
परत सोडायचा.
परत विझला, तर परत बसायचं.
मला वाटायचं, आबा घाबरतात.

पोस्टातल्या पासपोर्टच्या खिडकीवर
यंत्राला माझी बोटं उमटेनात.
पोरगी म्हणाली, पुसून ठेवा. दाबून ठेवा.
आता दुसऱ्या हाताचं.
गोणपाटानं घासून घासून
सपाट झालेत हात.
मालनचा अंगठा तेवढा उठला.
ती हळद निवडायला होती अठरा वर्षं,
तरी उठला.
घरी येईस्तोवर चालताना
तो अंगठा तिनं मुठीत झाकून आणला.

मी महिनाभर रात्री खोबरेल चोळलं.
काठावर बसून राहिलो म्हणा.
तिसऱ्या खेपेला यंत्र हिरवं झालं
आणि मागं रांगेतलं कुणीतरी म्हणालं, सुटले बाबा.

न्हाणीचा पत्रा अजून गळतो.
खाली बादली आहे.

काल कुपवाडेनं फॉर्म पुढं केला.
नाव त्यानं भरलं, जन्मतारीख अंदाजानं होतीच.
कुठं जाणार, या रकान्याशी आला
तेव्हा मी पेन मागून घेतलं.
विळा. तंबू. साप. तंबू.
पत्रा नसताना पहिल्यांदाच,
थोडं तिरकं, रकान्याच्या बाहेर गेलं शेवटी,
पण शाई कुठं फुटली नाही.
कुपवाडे बघत राहिला.

मालननं चष्मा काढून पुसला, परत लावला.
म्हणाली, झालं हे.
आता परत यायचं कुठं लिहितात?

एकतीस वर्षांत
तो पत्रा
कुणी कापलाच नव्हता.